जावईबापूंची गोणी

…नाही नाही, वासाचं सोडा. वासाचं मी काही बोलतच नाही. डोंबिवलीत, त्यातून मानपाडा रोडला, चौदा वर्षं काढलेल्या माणसाने वासाची तक्रार करायचीच नसते. आमच्याकडे वारा इकडून आला तर एका कंपनीचा वास, तिकडून आला तर दुसरीचा, आणि दिवाळीत सगळ्या कंपन्यांना सुट्टी असली की आमचा धाकटा दारात उभा राहून विचारतो, बाबा, आज हा कसला वास येतोय? त्याला सांगावं लागतं, बाळा, ही हवा आहे. तेव्हा वास सोडा. चवीचंही सोडा. चव कशी, तर पावसाळ्यात ओल धरलेली भिंत असते ना, ती चाटली तर... मी चाटलेली नाही, अंदाजाने सांगतोय. माझं म्हणणं एवढंच, की मी पहाटे साडेपाचला उठून, गॅलरीत खुर्ची टाकून, पेपर यायच्या आधी एक कप चहा पिणारा माणूस. दूध बेताचं, साखर दीड चमचा, आलं असलं तर असलं, नसलं तर नसलं. ह्यापलीकडे मी आयुष्याकडे काही मागितलेलं नाही. आणि तो एक कप चहा मला माझ्या स्वतःच्या घरात वर्षभर मिळत नाही! का? तर आमच्या आईचा कायदा. "मधु, जावयाला न्हाई म्हणत न्हाईत."

आता जावई कोण, तर आमचे दाजी. मारुतराव. माझ्या थोरल्या बहिणीचे, मालनताईचे यजमान. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आमच्यात थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, आणि एकदा दाजी म्हटलं की पुढे आपण काही म्हणायचं नसतं. दाजी आले की मी खुर्चीतून उठायचं. अंघोळीला पहिलं पाणी दाजींना, घाण्यातली पहिली भजी दाजींना, टेबलफॅनचं तोंड दाजींकडे, मग आम्ही घामाघूम होऊन त्यांना विचारायचं, दाजी, गरम होत नाही ना? ताईचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा. दाजींच्या शेजारी जेवायला बसलेलो, जिलब्या त्यांच्याच ताटाकडे चालल्यात हे बघून मी एवढंच म्हणालो, मला पण. आईने असा चिमटा काढला की त्याची खूण अजून आहे. दाखवली असती, पण जागा अशी आहे की चारचौघांत दाखवता येत नाही.

आणि माणूस वाईट असता ना, तर सगळं सोपं होतं. मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण दाजी देवमाणूस! हेच तर दुखणं आहे. ठाण्याला बाळकुमच्या पुढे एका कंपनीत सत्तावीस वर्षं टर्नर होते. एक दिवस कंपनीच बंद. खडवलीला नदीच्या बाजूला त्यांचा जमिनीचा तुकडा होता, तिथे दोन खोल्या बांधून दोघं राहायला गेली. आणि वर्षभर दाजींनी काही केलं नाही. ताई सांगायची, सकाळी आठ वाजले की म्हणतात डबा भर. मी डबा भरते. डबा घेतात आणि ओट्यावर जाऊन बसतात. एक वाजला की उघडून खातात. वर्षभर रे मधु! मग कुठून कोण जाणे, औषधी वनस्पतींची लागवड अशी एक पातळशी पुस्तिका हातात पडली, आणि दाजी ओट्यावरून उठले, आणि अर्ध्या एकरात त्यांनी अश्वगंधा लावली.

अश्वगंधा म्हणजे मुळी हो. आमची आई तिला आस्कंद म्हणते. पांढरट असते, करंगळीएवढी जाड, खणून काढायची, धुवायची, तुकडे करायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे. मग दुधात उकळा, पाण्यात उकळा, काढा करा, पूड करा. अंगात ताकद येते, झोप लागते, धरलेले सांधे सुटतात. मी नाही म्हणत, पुस्तिका म्हणते. अश्व म्हणजे घोडा, आणि गंध म्हणजे... कल्याण स्टेशनच्या बाहेर टांगे उभे असायचे आठवतात? तो. पण वासाचं आपण सोडलंय.

तर नव्वद सालचा मार्च. रविवार. मी नुकताच चहा संपवून कप खाली ठेवलेला, आणि मला काय माहीत की तो शेवटचा! दारात दाजी. खांद्यावर गोणी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण चेहऱ्यावर घाम नाही, नुसता आनंद. "मधुराव, पहिलं पीक. पहिलं पीक विकायचं नाही, सासुरवाडीला द्यायचं." आईने पदर डोळ्याला लावला. माझी बायको कांता, तिने गोणीला हळदकुंकू लावलं. गोणीला! मी बघतोय गोणीकडे, गोणी बघतेय माझ्याकडे. मग दाजी स्वतः स्वयंपाकघरात गेले, जावई स्वयंपाकघरात गेला म्हणून आई कासावीस, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मुळ्या ठेचून, पाण्यात उकळून, गूळ घालून पेला आणला. "चहाची पावडर कशाला पोटात घालता मधुराव? हाच चहा समजा." आई, कांता, दोन्ही पोरं, दाजी, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी एक घोट घेतला. दाजी म्हणाले, "कसं काय?"

मी म्हणालो, "वा."

एक अक्षर! तुम्हाला सांगतो, माणसं मोठमोठी भाषणं ठोकतात आणि त्यांना काही होत नाही, मी एक अक्षर बोललो आणि वर्षभर भोगतोय. दाजी गेले, आईने फडताळातला चहा-पावडरचा डबा काढला, शेजारच्या वासंतीला नेऊन दिला, आणि जाहीर केलं, "जावयबापूनं घाम गाळून पिकवलंय. त्ये घरात असताना दुकानातली पावडर आनायची न्हाई. गोनी संपंस्तोवर ह्योच च्या." मी म्हटलं, आई, अगं दोन्ही करू, सकाळी चहा, संध्याकाळी हे. तर आई माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी जिलबीच्या वेळी बघितलेली. "उद्या जावयबापू अचानक आले आन् घरात च्याचा वास आला तर? मधु, जावयाला न्हाई म्हणत न्हाईत."

तुम्ही म्हणाल, बाहेर प्या. कुठे पिऊ? आमच्या कंपनीच्या कॅंटीनमधे? कॅंटीनचा चहा हा चहा नसतो, तो नियम असतो. दहा वाजता अर्धा कप, वर साय, खाली गाळ. आणि मुद्दा चहाचा नाहीच, मुद्दा साडेपाचचा आहे, गॅलरीचा आहे! पहाटे साडेपाचला मानपाडा रोडला चहा कोण देतो? कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. बरं, कांता तरी माझ्या बाजूची असेल म्हटलं. ती सकाळी मुळ्यांचा पेला माझ्यापुढे आपटायची आणि दहा मिनिटं वासंतीकडे जाऊन यायची. विरजण आणायला, लसूण आणायला, शिवणाचं माप द्यायला. रोज! एक दिवस परत आली तेव्हा मी म्हटलं, कांता, तुझ्या तोंडाला वेलचीचा वास येतोय. ती म्हणाली, मग यायला नको? मी बाईमाणूस, मी शेजारी जाऊ शकते, तुम्ही बसा. अठरा वर्षांचा संसार आणि माझ्याच घरातली पावडर शेजारी बसून पिते! मी काय जाणार वासंतीच्या स्वयंपाकघरात? वासंतीचा नवरा नाइट शिफ्टला असतो. बिल्डिंगमधे राहायचंय मला.

आणि गोणी कमी होईना हो! दिवसाला दोन मुळ्या, त्याही कांता सोडून चारजणांत. मी हिशेब केला, ह्या वेगाने माझा पुढचा चहा धाकट्याच्या लग्नात. म्हटलं, वेग वाढवला पाहिजे. पूड करू, पूड जास्त लागते. कांताने मिक्सरला हात लावू दिला नाही. मग मी एक पिशवी भरून पोपटच्या गिरणीत गेलो.

आता गिरणीचा कायदा तुम्हाला माहिती आहे. आपलं दळण वेगळं काही असलं, की ते झाल्यावर मागून चार मुठी गहू आपले टाकायचे, जातं साफ करायचं, आणि मग पुढच्या माणसाचं दळण. पोपट मला म्हणालेलासुद्धा, "मधुभाऊ, मागून गहू आणलेत ना?" मी म्हटलं हो हो. पिशवीत होतेही. पण काय झालं, पूड उडायला लागली, पोपट शिंकतोय, मी शिंकतोय, रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून "काय दळताय काय हो?" आणि मी त्या गडबडीत पूड घेतली आणि पळालो. गहू पिशवीतच राहिले. घरी आल्यावर दिसले. म्हटलं जाऊ दे, कोणाला कळतंय?

माझ्यामागे नंबर कोणाचा होता? आमच्या बिल्डिंगच्या चेअरमनचा. पंढरीनाथांचा. दहा किलो गहू.

दुसऱ्या दिवशी चेअरमन दारात. मी मनात म्हटलं, संपलं, आता नोटीस लागणार बोर्डावर. हे पंढरीनाथ म्हणजे कसे, जिन्यात सायकल दिसली तरी तीन ओळींचं पत्र लिहिणारे. पाण्याची मोटर लागली का, गेट लावलं का, ह्या काळजीने त्यांना वर्षानुवर्षं झोप नाही, डोळे कायम तांबारलेले. ते आत आले, बसले, घसा खाकरला. "मधुकरराव, काल आमच्या पोळ्यांना घोड्याचा वास येत होता." मी म्हटलं, चेअरमनसाहेब, ऐका. ते म्हणाले, "पोपट म्हणाला माझ्या आधी तुमचं दळण होतं." मी म्हटलं, चुकलं, गहू टाकायचे राहिले. ते म्हणाले, "मी चार पोळ्या खाल्ल्या. आणि मधुकरराव..." इथे माणसाचा आवाज कापरा झाला हो! "मधुकरराव, काल मी झोपलो. मोटर चालूच राहिली, टाकी भरून वाहिली, सगळी बिल्डिंग ओरडत होती, मला पत्ता नाही. काय होतं ते?"

आता चार पोळ्यांत आलेली चिमूटभर पूड, तिने माणूस झोपतो का? मला विचाराल तर टाकी वाहिली आणि आभाळ कोसळलं नाही, हे बघून झोपला असेल. पण मी कशाला बोलू? मी डबा भरून दिला. त्यांनी खालच्यांना सांगितलं, खालच्यांनी समोरच्यांना. कोणाला गुडघे, कोणाला कंबर, कोणाच्या मुलाची दहावी. ज्या बाया गिरणीत नाक धरत होत्या त्या माझ्या दारात डबे घेऊन उभ्या! कोणाकडे डबा नसला तर आमच्याकडचे डबे भरून दिले, स्टीलचे, पितळेचे, कांताच्या माहेरचा एक होता तोसुद्धा दिला. मला म्हणाल तर बादली भरून दिली असती! मे महिन्यात गोणी रिकामी. मी ती उलटी करून गॅलरीत झटकली. आई म्हणाली, "संपली?" मी म्हटलं, संपली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, तुम्हाला सांगतो, कप हातात घेतला आणि पहिला घोट घेतला, आणि मला रडू आलं. खोटं कशाला बोलू? पेपरवाला विचारत होता, काका, कोणी गेलं का?

आठ दिवस. आठ दिवस प्यायलो मी चहा.

इकडे आईने काय केलं? मला विचारायचं ना! आईने धाकट्याला बसवून खडवलीला कार्ड लिहिलं. "जावयबापूस आशीर्वाद. तुमी दिलेली गोनी दोन म्हयन्यात संपली. मधुला फार आवडलं. घरात आता कांडी शिल्लक न्हाई."

कांडी शिल्लक नाही! अहो, पंगतीत बसणाऱ्या शेंबड्या पोराला कळतं, की ताट साफ केलं की वाढपी पुन्हा येतो. नको असेल तर पानात थोडं ठेवायचं असतं. हे मला श्रीखंडाच्या बाबतीत कळतं, मठ्ठ्याच्या बाबतीत कळतं, गोणीच्या बाबतीत कळलं नाही! नवव्या दिवशी दाजी दारात. ह्या वेळी घाम होता. कारण गोण्या दोन होत्या. "मधुराव, एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं! घरात होती नव्हती ती सगळी आणली. पुन्हा कमी पडायला नको." आई माझ्याकडे बघतेय. मी काही बोललोय का? मी पंख्याचं तोंड त्यांच्याकडे केलं.

म्हटलं ठीक आहे. अनुभव आहे आता, बिल्डिंग आहे, डबे आहेत. गेलो चेअरमनकडे. ते म्हणाले, नको हो, आता झोप इतकी लागते की सौ. चिडते. दुसरीकडे गेलो, त्यांच्याकडे होतं अजून. आणि मग त्याच आठवड्यात आमचे डबे परत यायला लागले. आता आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. साखर घालतात, चार लाडू घालतात, निदान चिमूटभर तांदूळ तरी. मी पहिला डबा उघडला. आत मुळ्या. वासंती म्हणाली, "रिकामा कसा द्यायचा हो भावजी, म्हणून तुमच्यातलंच थोडं ठेवलं परत." दुसरा उघडला, मुळ्या. कांताच्या माहेरचा उघडला, मुळ्या, वर एक सुपारी. सतरा डबे गेलेले, सतरा परत, एक रिकामा नाही! इतकी संस्कारी बिल्डिंग मी पाहिली नाही. गोण्या दोन आल्या होत्या, झाल्या सव्वादोन.

पावसाळा गेला, गणपती गेले. गणपतीला सुद्धा आमच्याकडे दर्शनाला आलेल्या लोकांना काय दिलं असेल? बरोबर. पुढच्या वर्षी लवकर या म्हणताना मी देवाला मनात म्हटलं, जपून.

आणि मग एक दिवस हौसाबाई आली. हौसाबाई म्हणजे आमची कोळीण, खाडीकडची, बुधवारी आणि शुक्रवारी डोक्यावर पाटी घेऊन तीन मजले चढते, वर आली की पाटी खाली, कमरेवर हात, "आई गं, माझी कंबर!" मी संधी सोडतो का? मी लगेच मुळ्यांची पुडी बांधली, म्हटलं मावशी, हे घ्या, कमरेला एक नंबर, दुधात उकळायचं. तिने पुडी नाकाला लावली. परत माझ्या हातात ठेवली. आणि म्हणाली,

"नको मना."

मी म्हटलं, अहो पैसे नकोत, घरचंच आहे. ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, घेऊन तर बघा. "मना नको बोल्ले ना? नको त नको. कोलंबी देऊ का?"

बस्स. ना तिला राग आला, ना मला आला. आभाळ कोसळलं नाही. ती कोलंबी मोजायला लागली. मी पुडी घेऊन तसाच उभा! एक्केचाळीस वर्षांचा झालो, बी.कॉम. झालो, एवढं सोपं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नको! दोन अक्षरं. मी 'वा' म्हणालो ते एक अक्षर आणि हे दोन, एका अक्षराची बचत करायला गेलो आणि वर्ष घालवलं!

तेव्हापासून मी सराव सुरू केला. दाढी करताना आरशात बघून. दाजी, नको. दाजी, आता पुरे. दाजी, राग मानू नका, पण मला चहा आवडतो. बाथरूममधून आवाज बाहेर जायचा, आई कांताला विचारायची, "कुनाशी बोलतोय ह्यो?" कांता म्हणायची, दाजींशी. आई म्हणायची, "त्याला सांग, जावयाला न्हाई म्हणत न्हाईत." आतून मी आरशाला म्हणायचो, म्हणतात! हौसाबाई म्हणते!

फेब्रुवारीत नवीन पीक आमच्याकडे यायच्या आत जायचं ठरवलं. गोणी भरायच्या आधीच नको म्हटलेलं बरं, एकदा भरली की ती चालू लागते. कंपनीत रजा टाकली, घरी सांगितलं ताईला भेटून येतो, आणि खडवलीला उतरलो. वाटभर सराव. घराजवळ पोचलो तर ओट्यावर एक टोपीवाले गृहस्थ बसलेले, मांडीवर चामड्याची पिशवी, समोर पाण्याचा तांब्या. असेल कोणी पाहुणा म्हटलं. मी सरळ मागच्या दाराने ताईकडे गेलो, पहिला सराव तिच्यावर करावा म्हणून.

तर ताईच बोलायला लागली. "मधु, बरं झालं आलास. अरे, ते आता पहाटे चारला उठतात. मला हाक मारतात, मालन, चल, दव आहे तोवर खणू. कंपनी बंद झाल्यापासून हा माणूस मेला असंच मी धरून चाललेले रे. परवा शीळ घालत होते. लग्न झाल्यावर घालायचे, त्यानंतर परवा. आणि आईचं ते कार्ड आलेलं ना, मधुला फार आवडलं म्हणून, ते देवांच्या फोटोमागे ठेवलंय. मी बघते, अधूनमधून काढतात आणि वाचतात."

आता काय बोलू? पण म्हटलं, नाही मधुकर, आज नाही तर कधी नाही. आणि शेतात गेलो.

दाजी उकिडवे बसलेले. बाजूला खणलेल्या मुळ्यांचा ढीग, समोर पाण्याचं घमेलं, एकेक मुळी धुवून बाजूला ठेवतायत. मला बघून उठायला लागले, मी म्हटलं बसा बसा, आणि मी पण बसलो. मी घसा खाकरला. दाजी म्हणालो. आणि त्यांनी हात वर केला. "मधुराव, आधी मला एक विचारू द्या. आणि खरं सांगा. सासूबाई लिहितात तुम्हाला आवडतं. पण सासूबाई जावयाला वाईट कशा लिहितील? तुम्ही सांगा. तुम्ही खरंच घेता, की माझं मन राखता? नको असेल तर सरळ नको म्हणा. मला अजिबात वाईट वाटायचं नाही."

ऐकलंत? म्हणजे मी दार ठोठावायला गेलो आणि समोरच्याने कडी काढून, पायपुसणं झटकून, या म्हटलं! इतके महिने आरशाला सांगत होतो ते वाक्य त्यांनीच माझ्या तोंडाशी आणून ठेवलं, नुसतं उचलायचं होतं. मी तोंड उघडलं. आणि माझी नजर गेली त्यांच्या हाताकडे. ते माझ्याकडे बघत नव्हते. हातातल्या मुळीवरची माती अंगठ्याने पुसत होते. माती कधीच गेलेली, मुळी पांढरी झालेली, तरी पुसत होते.

मी म्हणालो, "आवडतं की दाजी. रोज लागतं मला."

रोज लागतं! हे कोणी सांगितलेलं बोलायला? 'आवडतं' वर थांबता आलं नसतं? सरावात हे वाक्य कुठे होतं?

दाजींनी मोठा श्वास सोडला. उठले. लुंगीला हात पुसले आणि म्हणाले, "सुटलो मधुराव. चला." मी मागोमाग. सरळ ओट्यावर, त्या टोपीवाल्या गृहस्थांसमोर. मला म्हणाले, "हे कल्याणचे शेठ. औषधांच्या मुळ्यांचे व्यापारी. सकाळपासून बसलेत. म्हणतात सगळा माल द्या, ह्या वर्षीचा आणि दर वर्षीचा, आमचा टेम्पो येईल, उचलेल. पण सगळा तर सगळा, घरी ठेवायचा नाही, वाटायचा नाही, एक मुळी इकडेतिकडे जायची नाही, अशी त्यांची अट. मी म्हटलं थांबा, आमच्या मधुरावांना विचारल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

मी म्हटलं दाजी, अहो. दाजी म्हणाले, "शेठ, नाही." शेठ म्हणाले, "अरे मारुतराव, भाव वाढवून देतो, बसा जरा, बोलू." दाजी म्हणाले, "नाही म्हटलं ना." शेठने माझ्याकडे बघितलं, बिचाऱ्याने हात जोडले हो! "भाऊ, तुम्ही तरी समजवा ह्यांना." आता मी काय समजवू? काय तोंडाने समजवू? आताच सांगितलेलं ना, रोज लागतं! शेठ टोपी सारखी करून निघून गेले. ताई आतून पेला घेऊन आली. मी प्यायलो. दाजींनी विचारलं, कसं काय? मी म्हटलं, वा.

ह्या वर्षी गोण्या चार आहेत. आणि बांधाकडचा एक पट्टा त्यांनी वेगळा आखलाय, त्याला ते मधुरावांचा वाफा म्हणतात. पण मला त्याचं नाही काही. मला नवल वाटतं ते वेगळंच. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात, सातारा धरून, आजवर एकच माणूस समोरच्याच्या तोंडावर सरळ 'नाही' म्हणालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. आणि तो कशासाठी म्हणाला? तर माझ्या चहाची आबाळ होऊ नये म्हणून.